सांवेरला लिनक्स चालतं

“लिनक्स चांगलंच आहे, पण ते पुण्या-बंगळूरच्या इंजिनिअरांचं. सांवेरसारख्या तहसिलीच्या गावात ते कोण वापरणार? आणि फुकटच हवं असेल, तर विंडोजही तिथे फुकटच मिळतं की!” हे मत माळव्यातल्या मराठी घरांत मी अनेकदा ऐकलं आहे, आणि तेही शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडून. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं असतं, कुणी कॉलेजात शिकवत असतं, कुणाचा मुलगा स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असतो. बोलण्यात लिनक्सची स्तुती असते, म्हणून त्याला कुणी हरकत घेत नाही. माझी हरकत आहे. हे मत चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत बोलणारा मोजत नाही. ती सांवेरच्या टायपिस्टला आणि त्याच्याकडे कागद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

इंदुरातल्या पुष्कळांना सांवेर ठाऊक असतं ते सांवेर रोडच्या कारखान्यांमुळे, नाहीतर उलट्या हनुमानाच्या देवळामुळे. उज्जैनच्या वाटेवरचं हे तहसिलीचं ठिकाण. इथे तहसील कचेरी आहे, दिवाणी न्यायालय आहे, भोवती सोयाबीन-गव्हाची शेती आहे. अशा गावात कचेरीच्या आधाराने ऑनलाइन फॉर्म भरणारी दुकानं, झेरॉक्सवाले आणि अर्ज टाइप करून देणारे उभे राहतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर दिवसभर काय चालतं ते आधी नीट पाहावं. जमिनीच्या खसरा आणि बी-१ची नक्कल काढायची, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीतलं नाव दुरुस्त करायचं, शिष्यवृत्तीचा नाहीतर भरतीचा फॉर्म भरायचा, शपथपत्र टाइप करायचं, मार्कशीट स्कॅन करून सांगितलेल्या केबीत बसवायची आणि शेवटी सगळं छापून द्यायचं. म्हणजे ब्राउझर, देवनागरी, स्कॅनर, पीडीएफ आणि प्रिंटर. यातलं कुठलं काम इंजिनिअराशिवाय होत नाही, हे “इंजिनिअरांचं” म्हणणाऱ्याने सांगावं.

आधी “फुकट विंडोज”चा मुद्दा घेऊ, कारण सगळा वाद त्याच्यावर उभा आहे. चोरीची विंडोज सुरू करायला ॲक्टिव्हेटर नावाचा एक छोटा प्रोग्राम चालवावा लागतो, आणि तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. कुणी लिहिला ते ठाऊक नाही, आत काय आहे ते ठाऊक नाही, आणि त्याला मशीनचे सगळे अधिकार द्यायचे. असले ॲक्टिव्हेटर व्हायरस पसरवण्याचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर हे करणं वाईटच. पण ज्या कॉम्प्युटरवर रोज लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं आणि जमिनीचे कागद उघडतात, तिथे हे करणं म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली अनोळख्याला देणं आहे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढे मिळवायच्या तर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तीही मर्यादित काळासाठी. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. तहसिलीच्या गावातली मशीनं बहुतेक शहरातून वापरून आलेली असतात. ती या अटीत बसत नाहीत, पण त्यांना काही झालेलंही नाही. चार जीबी रॅम आणि एक लहानशी एसएसडी असली की त्यांच्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बिनबोभाट चालते. मिंटच्या २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ना चावी शोधायची, ना ॲक्टिव्हेटर, ना कुणाला घाबरायचं.

आता पीडीएफ. या कामाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण लिनक्सच्या उपयुक्त साधनांच्या याद्यांमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं. त्या याद्या टर्मिनल रंगीत कसं करावं आणि गाण्यांचा संग्रह कसा लावावा हे सांगतात. सांवेरच्या दुकानदाराची अडचण वेगळी आहे. पोर्टल म्हणतं, फोटो २० ते ५० केबी, सही त्याहून लहान, प्रमाणपत्र २०० केबीच्या आत. गिऱ्हाईक रांगेत उभं असतं. मग दुकानदार गूगलवर “पीडीएफ लहान करा” असं शोधतो, पहिली मिळेल ती वेबसाइट उघडतो आणि कुणाच्या तरी बापाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, मुलीची मार्कशीट, आधार असं सगळं तिथे चढवतो. ते कागद कुठल्या देशातल्या सर्व्हरवर गेले, किती दिवस राहिले, कुणी पाहिले, याचा पत्ता दुकानदाराला नसतो आणि गिऱ्हाइकाला तर असं काही झाल्याचीच कल्पना नसते. हे गुपचूप होत नाही, रोज उघड्यावर होतं, म्हणून आपल्याला ते दिसेनासं झालं आहे.

लिनक्सवर हेच काम कागद मशीनबाहेर न जाता होतं. गोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्राम १९८८पासून आहे आणि बहुतेक लिनक्समध्ये आधीच बसलेला असतो. दहा एमबीचं स्कॅन तो वाचण्याजोगं ठेवून कितीतरी लहान करतो, आणि इंटरनेट बंद असलं तरी करतो. पानं मागेपुढे करायची, उलटं आलेलं पान फिरवायचं, दोन फाइली जोडायच्या, तर पीडीएफ ॲरेंजर आहे. त्यात पानं चित्रासारखी दिसतात आणि माउसने ओढून हलवता येतात. फोटोसाठी गिंपमध्ये जेपीईजी एक्सपोर्ट करताना प्रीव्ह्यूवर खूण केली की फाइलचा आकार तिथल्या तिथे दिसतो. गुणवत्तेचा दांडा सरकवत आकडा ४८ केबीवर आणून सोडायचा. रोज पन्नास फोटो करणाऱ्याने त्यापुढे जावं. इमेजमॅजिकला “५० केबीच्या आत” एवढी अट घातली की तो स्वतःच गुणवत्ता ठरवतो आणि अख्खा फोल्डर एका दमात करून देतो. एकाच कागदावर आठ पासपोर्ट फोटो मांडायचं कामही तोच करतो. ही आज्ञा एकदा कुणाकडून लिहून घेतली आणि डेस्कटॉपवर एका बटणाला बांधली की पुन्हा टाइप करावी लागत नाही. यात इंजिनिअरचं काम किती? एका दुपारचं, आणि तेही एकदाच.

स्कॅन केलेल्या कागदातली अक्षरं काढून घ्यायची असतील, तर टेसरॅक्ट आहे. ह्यूलेट-पॅकर्डमध्ये १९८५ साली सुरू झालेलं आणि २००५मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं हे इंजिन हिंदी आणि मराठी दोन्ही वाचतं. जीइमेजरीडर नावाचा प्रोग्राम त्याला खिडक्या-बटणांचं रूप देतो. छापलेला, स्वच्छ, ३०० डीपीआयने स्कॅन केलेला कागद असेल तर चुका हाताने दुरुस्त करण्याइतक्याच राहतात. हस्ताक्षरासाठी त्याच्यावर विसंबू नये. तहसिलीतला शिक्का बसलेला, घडीवर फाटलेला कागद तो अर्धवटच वाचेल. पण छापील निकालाची चार पानं पुन्हा टाइप करण्यात टायपिस्टचा जो तास जातो, तो वाचतो.

“पण देवनागरीचं काय?” हा पुढचा आक्षेप, आणि तो ऐकून मला खरंच वाईट वाटतं. कारण देवनागरीचं आजचं कॉम्प्युटरवरचं आयुष्यच मुक्त सॉफ्टवेअरने घडवलं आहे. जोडाक्षरं जुळवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे आणणं, रफार योग्य जागी बसवणं हे काम हार्फबझ नावाचं मुक्त इंजिन करतं. ते लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी घडलं. आज अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये तेच आहे आणि २०१७पासून लिब्रेऑफिसच्या सगळ्या आवृत्त्यांतही तेच आहे. लिनक्सवर मराठी नीट दिसत नाही असा मेसेज जो अँड्रॉइड फोनवरून पाठवतो, त्याच्या त्या मेसेजमधली अक्षरंसुद्धा हार्फबझनेच जुळवलेली असतात. रेड हॅटने लोहित फाँट २००४मध्ये मुक्त केले आणि पुढे पुण्यातल्या माणसांनी त्यांची निगा राखली. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, मोडी लिपी २०१४ साली आली, आणि मोडीसाठी नोटो मालिकेतला फाँटही मोफत मिळतो. माळव्यातल्या ज्या मराठी घरांत जुने मोडी कागद ट्रंकेत पडून आहेत, त्यांना ते वाचून घेऊन मोडीतच टाइप करून ठेवायचे असतील, तर त्यासाठी एक पैसा खर्च करावा लागत नाही.

खरी अडचण देवनागरीची नाही, कृतिदेव या जुन्या फाँटची आहे. कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांचा ढिगारा असतो, फक्त फाँटमुळे तो हिंदीसारखा दिसतो. फाँट काढला की मजकूर गेला. त्यात शोधता येत नाही, तो पोर्टलवर चिकटवता येत नाही, ईमेलने पाठवला तर पलीकडे निरर्थक अक्षरं उमटतात. महाराष्ट्रात श्रीलिपी आणि आकृतीच्या जुन्या फाइलींनी हाच त्रास दिला. मध्य प्रदेशात सीपीसीटीची टायपिंग परीक्षा आता युनिकोडमध्येच होते, आणि तिथे रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट यांपैकी एक कळफलक निवडायचा असतो. म्हणजे कृतिदेवसाठी विंडोज हवी हा युक्तिवाद राज्याची परीक्षाच मान्य करत नाही. ज्यांची बोटं रेमिंग्टनवर बसलेली आहेत त्यांना लिनक्समध्ये आयबस या टायपिंगच्या साधनाबरोबर एम१७एन संचातला हिंदी रेमिंग्टन कळफलक मिळतो. जुन्या फाइलींसाठी रूपांतरक आहेत. ते पूर्ण निर्दोष नाहीत. रफार आणि अर्धी अक्षरं नजरेखालून घालावी लागतात.

नव्याने शिकणाऱ्याला मात्र मी इनस्क्रिप्टच सांगेन. तो भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या मानकात आहे, त्यात बहुतेक भारतीय लिप्यांची रचना एकच आहे, आणि कुठल्याही लिनक्समध्ये तो काही न उतरवता मिळतो. सांवेरच्या मराठी मुलाला दिवसा हिंदी अर्ज आणि रात्री घरच्या लग्नाची मराठी पत्रिका एकाच सवयीने टाइप करता येते. ळ हवा तर शिफ्ट दाबून एन. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ्य-ऱ्ह हवा तर शिफ्ट-जे, मग डी, मग पुढचं अक्षर. फोनेटिक टायपिंगच्या पुष्कळ साधनांत हाच ऱ्य मिळत नाही आणि लोक ‘दुसर्या’ लिहून मोकळे होतात. लिब्रेऑफिसला मराठी शुद्धलेखन तपासनीस जोडता येतो, त्याचे मेनूही मराठीत करता येतात. पत्रिका, स्मरणिका, मंडळाचा अंक छापायचा असेल तर स्क्रायबस आहे. त्याची १.६ आवृत्ती जानेवारी २०२४मध्ये आली आणि आता देवनागरी जोडाक्षरं ती नीट हाताळते. आधीच्या १.४ने ती नीट हाताळली नव्हती, आणि त्या काळात ज्यांचा हिरमोड झाला त्यांची तक्रार खरीच होती.

प्रिंटरच्या बाबतीत मी सरसकट “चालतो” म्हणणार नाही. एचपीने लिनक्ससाठी एचपीलिप नावाचं स्वतःचं मुक्त साधन दिलं आहे. गावोगाव दिसणारा लेझरजेट १०२० त्याने चालतो, फक्त एकदा त्याचा प्लगइन उतरवावा लागतो, कारण हा प्रिंटर दर वेळी सुरू होताना आपलं फर्मवेअर कॉम्प्युटरकडून मागतो. कॅननचा एलबीपी २९०० हा दुसरा लाडका प्रिंटर मात्र कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो, आणि नव्या लिनक्सवर त्याला बोलतं करणं कटकटीचं आहे. ज्याच्याकडे तो आहे त्याने आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावं. व्हेंटॉय नावाचं साधन एकाच पेन ड्राइव्हवर चार-पाच लिनक्स ठेवू देतं, आणि हार्ड डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं. नवा प्रिंटर घेताना एअरप्रिंट किंवा ड्रायव्हरविना छपाई असं लिहिलेलं पाहून घ्यावं. असे प्रिंटर लिनक्सला जोडले की बहुधा काही न करता छापू लागतात.

आणि जे खरंच होत नाही तेही लिहायला हवं. टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती निघत नाही. ज्याचा धंदाच कोरलड्रॉवर आहे त्या फ्लेक्सवाल्याला इंकस्केप या मुक्त साधनात ग्राहकाची सीडीआर फाइल उघडता येते, पण प्रत्येक वेळी जशीच्या तशी उघडेल असं नाही. डिजिटल सहीच्या टोकनांचं त्या-त्या कंपनीवर अवलंबून असतं. आधारच्या अंगठ्यासाठी लागणारी आरडी सेवा यंत्रांचे उत्पादक मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. म्हणून ज्या दुकानात अंगठ्याचं काम आहे तिथे एक मशीन विंडोजचं राहील, आणि ते विकत घेतलेल्या परवान्याचं असावं. उरलेल्या मशीनांना मात्र हे कारण लागू होत नाही. एका अंगठ्याच्या यंत्रासाठी चारही मशीनं चोरीच्या विंडोजवर ठेवायची, हा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

कुणी मग म्युनिकचं उदाहरण काढतं. जर्मनीतल्या त्या शहराने हजारो मशीनं लिनक्सवर नेली आणि २०१७मध्ये परत फिरायचं ठरवलं, हे खरं आहे. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४मध्ये आपली सुमारे ३०,००० मशीनं लिब्रेऑफिसकडे आणि पुढे लिनक्सकडे नेण्याचं जाहीर केलं, तेही सांगावं. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं २००० नंतरच्या दशकापासून लिनक्सवर शिकतात, ती काय सगळी इंजिनिअरांची मुलं आहेत? आणि इतकं लांब जायची गरजही नाही. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचं प्रकरणं सांभाळणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्त साधनांवर बांधलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स निवडलं आणि न्यायाधीशांना ते शिकवलं. केंद्र सरकारचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण २०१५चं आहे. ज्या न्यायालयासाठी सांवेरचा टायपिस्ट शपथपत्र टाइप करतो, ती न्यायव्यवस्थाच या साधनांवर चालते. मग टायपिस्टला ती झेपणार नाहीत, हे कशावरून?

“बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?” या प्रश्नात तथ्य आहे. सांवेरच्या बाजारात विंडोज टाकून देणारा लगेच मिळतो, लिनक्सवाला मिळत नाही. पण विंडोजवाला काय दुरुस्ती करतो तेही पाहा. फॉरमॅट मारतो आणि पुन्हा टाकतो. गिऱ्हाइकांच्या फाइली गेल्या तर गेल्या. मिंटमध्ये टाइमशिफ्ट बसलेलंच असतं. ते मशीनची कालची अवस्था जपून ठेवतं, आणि एखादी अपडेट बिघडली तर दहा-पंधरा मिनिटांत मागे नेतं. फाइलींसाठी देजा-दूप बाहेरच्या डिस्कवर रोज आपोआप नक्कल ठेवतं. फोनवरचे कागद मशीनवर घ्यायला केडीई कनेक्ट आहे किंवा लोकलसेंड आहे. दोन्ही एकाच वायफायवर चालतात, त्यासाठी कागद कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून यायची गरज नसते. एवढं लावून ठेवलं तर दुरुस्तीवाल्याची गरजच क्वचित पडते.

आणि दुरुस्तीवाला नाही याचं कारण त्याला कुणी शिकवलंच नाही. महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटीने एका पिढीला कॉम्प्युटर शिकवला, ती मोठीच कामगिरी आहे. पण शिकवला तो विंडोज आणि एमएस ऑफिसमधून, आणि कॉम्प्युटर म्हणजे तेवढंच अशी समजूत घट्ट झाली. मध्य प्रदेशातल्या गावोगावच्या डीसीए-पीजीडीसीए केंद्रांतही सवय तीच. त्या केंद्रांत मुलं वर्षभर येतात. त्यातला एक आठवडा मिंट बसवणं, इनस्क्रिप्ट लावणं, टाइमशिफ्टने मागे जाणं आणि गोस्टस्क्रिप्टने पीडीएफ लहान करणं यांना दिला, तर पुढच्याच वर्षी सांवेरच्या बाजारात हे काम करणारा मुलगा असेल. त्यासाठी सॉफ्टवेअरचा खर्च शून्य आहे, आणि अभ्यासक्रमात हे येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. शिकवणाऱ्याने ठरवलं तर पुढच्या तुकडीपासून करता येईल. सरकारकडे मागायचंच असेल तर एकच मागावं. अंगठ्याची यंत्रं आणि सहीची टोकनं खरेदी करताना किंवा मान्य करताना लिनक्सचा ड्रायव्हर देण्याची अट निविदेत घालावी. २०१५च्या धोरणाशी ते सुसंगत आहे, आणि ती अट घातली की सांवेरच्या दुकानातलं शेवटचं मशीनही मोकळं होईल.